जुन्या रणगाड्यावर तोफ: १:३५ डायोरामासाठी बायसन, बिशप की वेस्पे?

पत्राकाप: डायोरामात (छोट्या प्रतिकृतींच्या देखाव्यात) दुसऱ्या महायुद्धातला जुगाड दाखवायचाय. कालबाह्य रणगाडा, टरेट (वरचा फिरता बुरूज) उतरवून वर तोफ. बघणाऱ्याला फेरफार चटकन कळायला हवा. कुठली गाडी घ्यावी? आतलं काम किती?

चेसिसवेडा: तोफ नंतर, आधी इंजिन कुठंय ते बघा. वेस्पे ज्यावर बनली त्या जर्मन पॅन्झर २ रणगाड्याचं इंजिन मागे. तिथेच राहू दिलं तर १०५ मिमीच्या तोफेमागे माणसांना उभं राहायला जागाच नाही. म्हणून वेस्पेत इंजिन पुढे ओढलं, चेसिस २२ सेंमी लांबवली, मागचा भाग मोकळा केला. नळी ४२ अंश वर जाते ती त्यामुळे.

घ्यायची तर वेस्पेच. पण छप्पर नाही, आतलं सगळं उघडं. ३२ गोळ्यांची सोय दाखवावी लागेल, आणि गोळा व काडतूस वेगवेगळं भरतात, तेव्हा कप्पे दोन तऱ्हेचे. कडेचं चिलखत १० मिमी, म्हणजे मापात ०.३ मिमीसुद्धा नाही. किटचं प्लास्टिक त्याच्या तिप्पट जाड असतं. वरच्या कडा आतून तासा, नाहीतर गढीची भिंत दिसते. पॅन्झर २ च्या किटमधून खालचा भाग उसना घेणार असाल तर ट्रॅकचा वरचा भाग पेलणारे रोलर चाराचे तीन करा. इथेच बहुतेक जण फसतात.

रेतीबंदर: वेस्पे सुबक आहे हो, पण जुगाड वाटत नाही. बायसन बघा: जर्मनांच्याच पॅन्झर १ रणगाड्यावर १५ सेंमीची पायदळी तोफ चाकांसकट चढवली, तीन बाजूंनी पत्रे ठोकले, झालं. सहा टनांची गाडी साडेआठ टनांवर गेली आणि सस्पेन्शनचे हाल झाले. १९४० मध्ये ३८ बनवल्या, पुढे नाही.

पत्राकाप: आणि बिशप?

रेतीबंदर: ब्रिटिशांच्या व्हॅलेंटाईन रणगाड्यावर २५ पौंडी तोफ, पण बंद पेटीत. नळी जेमतेम १५ अंश वर, त्यामुळे १२ किमीची तोफ ६ किमीसुद्धा गाठेना. मग मातीचा उतार रचून गाडीच नाक वर करून उभी करायचे! डायोरामाला याहून काय हवं? साडेपाच मीटरच्या गाडीला १० अंश चढ दिला तर पुढचं टोक सुमारे ९५ सेंमी उचललं जातं, मापात २७ मिमी. आतलं काम वाचतं, मात्र मागचे दोन्ही दरवाजे उघडे ठेवा.

चेसिसवेडा: उताराचं पटलं. फक्त माती ट्रॅकखाली दाबलेली दाखवा, भुसभुशीत ढिगावर १७ टन टिकत नाहीत. आपल्याकडचं हवं असेल तर विजयंता रणगाड्याच्या चेसिसवर १३० मिमी तोफेची कॅटापल्ट आहे. ती घाईतली नव्हे, पण विजयंता नगरच्या रणगाडा संग्रहालयात जवळून बघता येतो.

पत्राकाप: बिशप ठरला. उतार आधी, गाडी नंतर.