मदत हवी आहे : 'रंभा' मासिकाचा १९६२ चा दिवाळी अंक कोणाकडे आहे का?

नमस्कार मंडळी. आम्ही अमळनेरची काही वाचणारी माणसं खटले झालेल्या मराठी पुस्तकांवर चर्चा ठेवतोय. सुरुवात चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा'पासून करायची आहे, पण मूळ अंकच मिळत नाहीये. पुण्या-मुंबईकडे विचारून झालं.

'श्यामा' ही गोष्ट 'रंभा'च्या त्या दिवाळी अंकात आली आणि लेखकावर अश्लीलतेचा खटला झाला, भारतीय दंडविधान कलम २९२. खालच्या कोर्टाने सोडलं होतं, पण मुंबई हायकोर्टाने पंचवीस रुपये दंड केला, वर अंकाच्या प्रती नष्ट करायचा हुकूम. दंडाचं काही नाही हो, पण छापलेली गोष्ट नष्ट करा म्हणणं मला आजही सहन होत नाही. १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने काकोडकरांना सोडलं. कादंबरीत लैंगिक उल्लेख आला की ती अश्लील, असं धरलं तर तरुण पोरांना फक्त धार्मिक पुस्तकंच वाचावी लागतील, अशा अर्थाचं न्यायमूर्तींनी लिहिलंय. त्याच कोर्टाने १९६४ मध्ये 'लेडी चॅटर्लीज लव्हर' ही इंग्रजी कादंबरी विकणाऱ्या मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याची शिक्षा मात्र कायम ठेवली होती. हा फरक का पडला, यावरच आम्हाला बोलायचंय.

भुसावळ, चोपडा, पारोळा, धुळे, कुठल्याही जुन्या वाचनालयात किंवा आजोबांच्या ट्रंकेत अंक असेल तर कृपया कळवा. विकत नको, आम्ही येऊन मोबाईलवर पानांचे फोटो काढून घेऊ. निकालाचं मराठी भाषांतर कोणी केलं असेल तर तेही हवंय. वकील दादा-ताई, तुम्ही तरी सांगा.