मदत हवी आहे : विहिरीवरचा रास्पबेरी पाय झीरो (छोटा संगणक-बोर्ड) फोटो काढायच्या आधीच बंद पडतोय

नमस्कार मंडळी,

पारनेरकडच्या आमच्या विहिरीत रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू आणि कॅमेरा मॉड्यूल २ बसवलंय. आतल्या भिंतीवर रंगाने मोजपट्टी आखली आहे, दर १५ मिनिटांनी तिचा फोटो हवा. मोटर बंद केल्यावर पाणी किती वेळात चढतं ते कळलं, तर उन्हाळ्यात वडिलांना पिकाला पाणी देण्याचं भरणं ठरवता येईल. (अल्ट्रासॉनिक सेन्सर आधी लावून पाहिला, भिंतीवरून आवाज परतून आकडे उड्या मारायचे.)

वीज पुरवायला दोन १८६५० (रिचार्ज होणारे लिथियम) सेल आहेत, मिळून साधारण १९ वॉट-तास. पहिल्यांदा नऊ-दहा तासांतच सगळं बंद. मीटर लावला तर ५ व्होल्टला ०.३५ अँपिअर! स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच कॅमेरा स्टार्ट केला होता, त्यामुळे दोन फोटोंच्या मधेही तो चालूच राहायचा. आता फोटोपुरता सुरू करतो, उजेड जुळायला दोन सेकंद देतो आणि क्लोज करतो. ०.१२ अँपिअरवर आलं. तरी दिवसाला १४ वॉट-तास जातातच, कारण कॅमेरा झोपला तरी बोर्ड जागाच असतो. ढगाळ दिवशी सोलर पॅनेलला तेवढं झेपत नाही.

म्हणून टीपीएल ५११० टायमर (ठरल्या वेळी वीज जोडणारी-तोडणारी चिप) आणला. दर वेळी ४० सेकंद चालू, बाकी वेळ वीजच तोडायची. रात्रीचं धरून ९६ वेळा उठला तरी दीड वॉट-तासाच्या आत भागतं.

पण टायमरची डन पिन (हिच्यावर 'काम झालं' असा सिग्नल आला की तो वीज तोडतो) पायच्या जीपीआयओ ४ ला, म्हणजे ४ नंबरच्या सिग्नल पिनेला, जोडल्यापासून बोर्ड सुरू होतो न होतो तोच वीज जाते. माझी स्क्रिप्ट तोवर सुरूही झालेली नसते. डनची तार काढली की नीट बूट होतो. या भानगडीत एक मेमरी कार्ड गेलं. डनला सिग्नल देतंय कोण?

उत्तर : जीपीआयओ ० ते ८ या पिनांना वीज येताच आतून पुल-अप मिळतो (म्हणजे व्होल्टेज वर ओढलं जातं), ९ ते २७ ना पुल-डाउन (खाली ओढलं जातं). तुमची ४ नंबरची पिन आपोआप वर जाते आणि टायमर समजतो की काम झालं. तार २६ वर न्या, डन आणि ग्राउंडमध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर टाका. आणि स्क्रिप्टमधून डन देऊ नका, शटडाउन अर्धवट असताना वीज जाईल. पायच्या कॉन्फिग फाइलमध्ये जीपीआयओ-पॉवरऑफ ओव्हरले (तयार सेटिंग) घाला. सगळं बंद झाल्यावर तोच सिग्नल देतो.

मूळ प्रश्नकर्ता : मनापासून आभार! तार हलवली, घरी टेबलावर सकाळपासून सलग अकरा फोटो आले. उद्या विहिरीत उतरवतो. भिंतीवर ओल खूप आहे, डब्यात सिलिका जेल ठेवलंय. काचेवर बाष्प धरू नये म्हणून कोणी आणखी काही केलं असेल तर सांगा.