ब्रिटनमधली सर्वांत मोठी गार: १९५८ ची की १६९७ ची?

वादळवेडा
ब्रिटनमधल्या सर्वांत जड गारेचा मान्य विक्रम १४१ ग्रॅमचा: ससेक्समधलं हॉर्शम, ५ सप्टेंबर १९५८. माझ्या मते हा फक्त तराजूत पडलेल्या गारेचा विक्रम. ४ मे १६९७ ला हर्टफर्डशरमध्ये हिचिन-ऑफली भागात जे कोसळलं, त्यापुढे हॉर्शम किरकोळ. त्याची हकीकत सांगणारं रॉबर्ट टेलर यांचं पत्र रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेने तेव्हाच छापलं होतं. १३-१४ इंच घेराच्या गारा, चिरफाळलेले ओक वृक्ष, राय नावाच्या धान्याची उभी शेतं आडवी. एक तरुण मेंढपाळ जिवानिशी गेला. वादळांच्या नोंदी ठेवणारी 'टॉरो' संस्था आपल्या शून्य ते दहाच्या गारपीट-मापावर या वादळाला आठ देते. मग विक्रमाचा मान १९५८ ला का?

कोरडा_हिशोब
कारण घेर म्हणजे वजन नव्हे. १४ इंच घेराची गार पूर्ण गोल धरली तर व्यास ११ सेंमीच्या वर आणि वजन साडेसहाशे ग्रॅमच्या पुढे जातं. हॉर्शमच्या साडेचार पट! पण टेलरच सांगतात की काही गारा लांबट होत्या, काही चपट्या, काही टोकदार. चपट्या गारेला दोरी गुंडाळून काय कळणार? शिवाय पडल्यावर दोन-तीन चिकटून एकच गोळा होतो. आणि ते 'आठ' याच वर्णनांवरून ठरवलंय. साक्षीदाराची साक्ष साक्षीदारच काढतोय.

मे_महिन्यात_गारठा
इंग्लंडमध्ये ४ मेला एवढी ऊब असते का? मला तर सगळंच अतिरंजित वाटतं.

वादळवेडा
तारीख जुन्या कॅलेंडरची आहे, आजच्या हिशोबाने १४ मे. स्पेनकडून गरम हवा वर सरकली आणि तिच्याखाली दमट हवा कोंडली गेली की इंग्लंडातही भयानक ढग उभे राहतात. सुपरसेलची, म्हणजे आतला वर चढणारा झोत स्वतःभोवती फिरतो अशा प्रचंड गडगडाटी वादळाची, संकल्पना ब्राउनिंग आणि लडलम या हवामानशास्त्रज्ञांनी मांडली ती ९ जुलै १९५९ च्या इंग्लंडातल्याच वोकिंगहॅमच्या वादळावरून, अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या नव्हे!

आणि वजनच हवं ना? त्याच १६९७ साली, २९ एप्रिलला, चेशर-वेल्स भागात गारपीट झाली. तिची हकीकत लिहिली एडमंड हॅलीने, हो, धूमकेतूवालाच, तेव्हा तो चेस्टरच्या टांकसाळीत होता. पाच औंसांच्या गारा, म्हणजे जवळपास १४२ ग्रॅम. मधे बर्फासारखा पांढरा गोळा, त्याभोवती कठीण कवच. कोंबड्या, कोकरं आणि एक धट्टाकट्टा कुत्रा मेला, एवढं बारीक लिहिणारा माणूस औंस ठोकून देईल?

कोरडा_हिशोब
हॅलीपुढे मी हात टेकतो, त्याची नोंद घ्याच. पण त्यातून हॉर्शमशी बरोबरी सिद्ध होते, टेलरचा १४ इंच घेर नाही. एकाची पत दुसऱ्याच्या खात्यावर जमा करू नका.

काचवाला
नुकसानीवरून आकार काढणाऱ्यांनी जरा सबुरीनं घ्यावं. १ ऑगस्ट १८४६ ला लंडनमध्ये संसद भवनाची हजारो तावदानं फुटली, बकिंगहॅम राजवाड्याच्या चित्रदालनाचं काचेचं छत गेलं. काचा होत्या म्हणून फुटल्या! माळरानावर पडलं असतं तर कोणी विचारलंही नसतं.

वादळवेडा
अगदी बरोबर. म्हणूनच टेलरच्या पत्रातली काच मी मोजतच नाही, ओक मोजतो.

कोरडा_हिशोब
मग आधी सांगा, तो ओक पोकळ होता की भरीव?