टाळू नेमकी कुठली, वरची की खालची?

दांडिया बाजार, बडोदं

गेल्या महिन्यात भाचीच्या बाळाचं ऑपरेशन ठरलं. बाळ दहा महिन्यांचं. तोंडात वरच्या बाजूला जन्मापासून फट आहे, दूध नाकातून यायचं. हॉस्पिटलनं एक पत्रक दिलं. पुढे गुजराती, मागे मराठी, आणि वर ठळक अक्षरात ‘टाळूची शस्त्रक्रिया’.

आमची आई चौऱ्याऐंशी वर्षांची. तिनं चष्मा लावून मथळा वाचला, पत्रक बाजूला ठेवलं आणि बाळाच्या डोक्यावर तळवा धरला. "अजून भरली नाही रे ती, उडतेय बघ हाताखाली. आणि तिथे सुरी लावणार?" त्या रात्री ती जेवली नाही.

चूक तिची नाहीच. पंधरा-वीस बाळंतपणं पाहिलेल्या बाईला टाळू म्हणजे तेलाची वाटी आणि डोक्यावरचा मऊ भाग. शेजारच्या बेनना विचारलं, तर गुजरातीतही ‘ताळवुं’ दोन्हीकडे चालतं. ‘जीव ताळवे चोंट्यो’ म्हणतात तेव्हा ते तोंडातलं, आणि बाळाचं ताळवुं म्हणजे डोक्यावरचं. म्हणजे पत्रकाची गुजराती बाजू वाचूनही ती तितकीच घाबरली असती.

एकच शब्द कवटीच्या माथ्यालाही आणि तळालाही कसा? आणि तोंडातल्या भागाला वेगळा, घरात चालणारा मराठी शब्द आहे का?

वाडी, बडोदं

संदर्भावरून कळतंच की. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी म्हणताना कोणी त्याच्या तोंडात डोकावत नाही.

दांडिया बाजार

काका, तुम्हाला कळतं. मथळ्यात संदर्भ कुठे असतो?

रावपुरा, बडोदं

मी अनेक वर्षं शरीररचना शिकवली. शिकवणं सगळं इंग्रजीत, पण मराठी घरातली मुलं अडली की मी मराठीवर यायची, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

कवटी हातात घ्या, खालचा जबडा बाजूला ठेवा आणि कवटी उलटी करा. समोर वरच्या दातांची कमान. तिच्या आत जी खडबडीत फरशी दिसते ती तोंडातली टाळू. फरशी अखंड नाही, चार तुकड्यांची आहे. पुढचा पाऊण भाग वरच्या जबड्याच्या दोन हाडांचा, मागचा पाव भाग दोन तालुअस्थींचा, आणि त्यांचे सांधे बेरजेच्या चिन्हासारखे मधोमध एकमेकांना छेदतात. पोटात असताना या फळ्या दोन्ही बाजूंनी मध्ये सरकत येतात आणि साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत जुळून जातात. नाही जुळल्या तर फट राहते. तुमच्या बाळाचं तेच झालंय.

आता आईंची टाळू. तीही हाडं अजून न भेटलेली जागाच. म्हणून ‘टाळू भरली नाही’ हे वाक्य वर आणि खाली दोन्हीकडे अगदी अचूक बसतं, आणि आई फसल्या त्या याच जागी! फरक इतकाच की डोक्यावरची साधारण दीड वर्षात आपली आपण भरते. तोंडातली भरत नाही, ती शिवावी लागते.

टाळूच्या मागे गेलात की घरातले शब्द संपतात. वरच्या बाजूला माथा, टाळू, कपाळ, भुवई, कानशील, टाळकं. खाली काय? टाळूच्या आणखी मागे बघा. मधोमध मोठं भोक, साधारण ३५ मिलिमीटर लांब, ३० रुंद. दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, ते यातून आरपार जातं. मेंदूतून निघालेला मज्जारज्जू इथूनच पाठीच्या कण्यात उतरतो. पाठ्यपुस्तकी नाव महारंध्र. मुलं हमखास ब्रह्मरंध्र म्हणायची! ते तर थेट वर, टाळूच्या जागी मानलेलं. भोकाच्या दोन्ही बाजूंना झुलत्या खुर्चीच्या पायांसारखे दोन गुळगुळीत उंचवटे. ते मानेच्या पहिल्या मणक्यावर डुलतात तेव्हा आपण मान हलवून ‘हो’ म्हणतो. ‘नाही’साठी मात्र एक मजला खाली जावं लागतं, पहिल्या आणि दुसऱ्या मणक्याच्या मध्ये.

जाता जाता माझं आवडतं हाड. टाळूच्या मागे पंख पसरून बसलेलं असतं. ग्रीकांनी त्याला पाचरीचं नाव दिलं. आपल्याकडे कोणी ‘पाचरास्थी’ केलं नाही, जतुकास्थी म्हटलं. जतुका म्हणजे वटवाघूळ. एकदा हातात धरून पाहिलंत की पाचर आठवणारच नाही. अशी भाषांतरं सगळीकडे झाली असती तर माझा अर्धा घसा वाचला असता. नाकाचा मधला पडदा मागून उचलून धरणारं हाड लॅटिनमध्ये नांगराचा फाळ आहे. आम्ही वर्गात फाळच म्हणायचो. कोशातलं सीरिका कोणाच्या लक्षात राहतं?

कारेलीबाग, बडोदं

संस्कृतात गोंधळ नव्हता. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात हाडांचे पाच प्रकार सांगितलेत. त्यातल्या ‘कपाल’ प्रकाराची जी जागांची यादी आहे, तीत तालू आणि शिर वेगवेगळे मोजलेत. म्हणजे तिथली तालू तोंडातलीच. व्याकरणातही ‘इचुयशानां तालु’. इ, च-वर्ग, य, श ज्या जागी उच्चारले जातात ती तालू, म्हणून तालव्य. घरी करून बघा: ‘चार’ म्हणा आणि जनावरांचा ‘चारा’ म्हणा. पहिल्यात जीभ टाळूला टेकते, दुसऱ्यात पुढे दातांच्या मुळाशी घसरते. आमची नातवंडं गुजराती शाळेत जातात, दोन्ही एकाच जागी म्हणतात.

आणि बाईंनी तळाला घरातले शब्द नाहीत म्हटलं ते खरंच, पण वैद्यांकडे होते. डोकं आणि मान जिथे जुळतात तिथली दोन मर्मं म्हणजे कृकाटिका. त्यांना मार लागला तर डोकं स्थिर राहत नाही, त्याला चलमूर्धता म्हटलंय. कानाच्या मागे-खाली विधुर, तिथे लागलं तर बहिरेपण. वापरात काहीच उरलं नाही. मानगूट तेवढी राहिली, तीही भूत बसायला.

रावपुरा

विधुर आणि विधुर! सुश्रुताचा विधुर बहिरा करतो, आपला बायको गेलेला. असा शब्द पत्रकावर छापून बघा.

इंदूर

बाईसाहेब, कवटी ‘उलटी’ की ‘पालथी’? भांडं पालथं असतं.

मूळ प्रश्नाचं म्हणाल तर आमच्या आजीकडे दोन शब्द होते. डोक्यावरची ती टाळू, तोंडातला तो टाळा. ‘जीभ टाळ्याला चिकटली’, ‘गरम भाकरीनं टाळा भाजला’. टाळूला कधीच नाही. हल्ली मात्र ‘टाळा’ म्हटलं की पोरं किल्ली शोधतात, कारण घरात, गल्लीत सगळीकडे हिंदीतला ताला.

रावपुरा

भांड्याला तोंड असतं म्हणून ते पालथं. कवटीचं तोंड बाजूला, तळ खाली. उलटीच.

टाळा-टाळू ही वाटणी मला पटते. दोन्ही शब्द ‘तालु’तलेच, पण लिंग वेगळं असल्यामुळे वाक्यातही घोळ होत नाही: ती भरते, तो भाजतो. डॉक्टरमंडळी ‘दुभंगलेली टाळू’ लिहीत राहतील, तो छाप आता पुसणार नाही. पण घरच्यांना सांगताना टाळा म्हणावं.

दांडिया बाजार

आईला न सांगता विचारलं, "घास गरम असला की काय भाजतं गं?" ती म्हणाली, "टाळा. आणखी काय?" मग पत्रक पुन्हा तिच्यासमोर धरलं आणि बाळाचं तोंड उघडून दाखवलं. पाच मिनिटं बघत राहिली. म्हणाली, "मग टाळा लिहायला काय झालं होतं मेल्यांना?"

ऑपरेशन झालं. बाळ चमच्यानं पेज पितंय, नाकातून काही येत नाही. डोक्यावर तेल संध्याकाळी चालूच.

परवा टाके दाखवायला गेलो तेव्हा पत्रकं वाटतात तिथल्या बेनना सांगून आलो की मराठी बाजूला ‘तोंडातला टाळा’ करा. त्यांनी लिहून घेतलं, वाचलं आणि विचारलं, "टाळा एटले ताळुं? लॉक?"