घटस्फोट झालेला नाही, वेगळं रेशनकार्ड कसं काढायचं?

पिंपरीत चार घरची धुणीभांडी करते, पदरी दोन मुलं. नवरा सोडून गेलाय, कोर्टाचा कागद नाही. आमची तिघांची नावं अजून सासरच्या कार्डावर, बीडकडे. इथल्या दुकानात अंगठा लावून पाहिला, तर महिन्याचं धान्य तिकडे आधीच उचललेलं! नव्या कार्डासाठी नाव कमी केल्याचा दाखला मागतात, सासरचे दाद देत नाहीत. गावी जायचं म्हणजे खाडा, पगार कापतात. आधार, भाडेकरार, मुलांचे बोनाफाईड तयार आहेत. बालसंगोपन योजनेचा अर्जही (सरकारकडून मुलामागे महिना २२५० रुपये मदत) कार्डावाचून अडलाय. वकील परवडणार नाही. नवऱ्याच्या सहीशिवाय, नुसत्या प्रतिज्ञापत्रावर कुणाचं नाव कमी झालंय का, आणि अर्ज इथे द्यायचा की बीडलाच?