'कुठलाही स्वस्त बॉक्स खोचा, झालं' म्हणणाऱ्यांसाठी

कडीकोयंडा:
कालच्या धाग्यात जुनाजाणता लिहून गेले, "कुठलाही स्वस्त अँड्रॉइड बॉक्स घ्या, टीव्हीला खोचा, झालं. गूगलकडून सर्टिफाइड-बिर्टिफाइड ही कंपन्यांची थेरं." त्यावर माना डोलावणारे बरेच निघाले, म्हणून सविस्तर लिहितोय.

स्वस्ताला माझा विरोध नाही. टीव्हीच्या एचडीएमआयमध्ये खोचून नेटवरचे सिनेमे बघायची माझी स्टिकही साधी फुल एचडीच आहे. पण या बिननावाच्या बॉक्सच्या खोक्यावर ४के छापलेलं असतं आणि आत असतं वाइडवाइन एल३, म्हणजे व्हिडिओची चोरी रोखणाऱ्या गूगलच्या कुलपाची सगळ्यात खालची पातळी. त्यामुळे नेटफ्लिक्स ४८०पीच्या धूसर चित्रावरच अडणार, टीव्ही कितीही मोठा घ्या. त्यात अ‍ॅप मोबाइलचं, रिमोटला दाद देत नाही, बाण फिरवत बसा. तेही एकवेळ चालवून घेऊ. जानेवारी २०२३ मध्ये टी९५ नावाच्या बॉक्सच्या फर्मवेअरमध्येच, म्हणजे आधीपासून भरून आलेल्या मूळ सॉफ्टवेअरमध्येच, मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) सापडलं. जून २०२५ मध्ये एफबीआयने बॅडबॉक्स २.० या मालवेअर घुसलेल्या यंत्रांच्या जाळ्याबद्दल जाहीर इशारा दिला, की असे बॉक्स घरचं कनेक्शन परक्यांना वापरायला देतात. उद्योग त्यांचे, आयपी पत्ता तुमचा. ज्या वायफायवर बँकेचे व्यवहार करता, त्यावर हे जोडणार?

जुनाजाणता:
उगाच घाबरवू नका. माझा बॉक्स वर्षानुवर्षं चालतोय, ना पैसे गेले ना काही. आणि नाववाल्यांचं काय? मार्च २०२५ मध्ये गूगलचे दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट, तुमच्या स्टिकसारखंच टीव्हीला खोचायचं यंत्र, जगभर आडवे झाले. का, तर आतल्या सर्टिफिकेटची मुदत संपली! ती मालिका तर गूगलने २०२४ मध्येच गुंडाळली होती. माझ्या बॉक्सवर मी हवं ते अ‍ॅप टाकतो. तुमच्या होम स्क्रीनवर अर्ध्या जाहिराती. स्वतःच्या पैशाने भिंतीवर जाहिरातीचा फलक लावून घेतलाय तुम्ही.

कडीकोयंडा:
जाहिरातींचा मलाही संताप आहे, त्यावर भांडण नाही. पण क्रोमकास्टचं अपडेट काही दिवसांत आलं. तुमच्या बॉक्सचं कोण देणार? आणि पैसे गेले नाहीत हा कसला पुरावा? राउटरमधून परक्याचा डेटा जातो तेव्हा टीव्हीवर काही दिसत नाही.

नीट_बघा:
भांडताय ते ठीक, पण वीज कुठून देता ते सांगा. आमच्याकडे सिनेमा ऐन रंगात आला की पडदा काळा व्हायचा आणि स्टिकचा लोगो यायचा. सगळे नेटच्या नावाने बोटं मोडत होते. वायर होती टीव्हीच्या यूएसबीत. यूएसबी २.० पोर्ट देतो ५०० मिलीअँपियर, स्टिकला लागतो साधारण १ अँपियर. खोक्यातला अडॅप्टर लावला, दुखणं गेलं.

जुनाजाणता:
आणि तो अडॅप्टर चोवीस तास वीज खाणार. टीव्हीतून दिली की टीव्हीबरोबर तेही बंद.

नीट_बघा:
बंद म्हणजे दर वेळी पहिल्यापासून बूट. रात्री अपडेट घ्यायचं तर यंत्र मेलेलं, मग आपण सिनेमा लावायला बसलो की ते सुरू.

पाखरू:
माझी स्टिक टीव्हीच्या पोर्टवर उत्तम चालते. यूएसबी ३.० असेल तर ९०० मिलीअँपियर मिळतात. आधी पोर्टशेजारचं वाचा, मग उपदेश करा.

नीट_बघा:
वाचलं म्हणूनच सांगतेय. ०.५ए लिहिलंय, म्हणजे तेच ५०० मिलीअँपियर. तुमचा पोर्ट दणकट म्हणून सगळ्यांचा तसाच असतो का?

पाखरू:
०.५ए असेल तर अडॅप्टर लावा, एवढंच मान्य. पण रखडणं बहुतेक वेळा वायफायचं असतं. टीव्हीच्या पाठीला चिकटवलेल्या स्टिकला सिग्नल मिळणार कुठून? खोक्यात एचडीएमआयची वीतभर एक्स्टेंशन येते, लोक ती खोक्यासकट टाकून देतात. ती लावून स्टिक कडेला काढा, वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ बँडवर जोडा. नेटफ्लिक्स स्वतः ४केला १५ आणि फुल एचडीला ५ एमबीपीएस पुरे म्हणतं, महाग प्लॅन घेऊ नका.

ओसरी:
आणि रिमोटचं कोणीच का बोलत नाही? आई एकटी असते. इनपुट चुकून बदललं की तिचा फोन, "पडद्यावर नुसतं 'सिग्नल नाही' येतंय गं." एचडीएमआयच्या वायरीतून एका रिमोटवर टीव्ही आणि स्टिक दोन्ही चालवणारी सीईसी नावाची सोय असते, बसवून देणाऱ्याने ते सीईसी चालूच केलं नव्हतं. सॅमसंगमध्ये ते अ‍ॅनीनेट प्लस, एलजीत सिम्पलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. माणसाने शोधायचं कुठे? आता स्टिकच्या रिमोटचं होम दाबलं की टीव्ही लागतो आणि बरोबर इनपुटवर येतो. दुसरा रिमोट मी कपाटात ठेवून दिलाय.

जुनाजाणता:
माझ्या बॉक्सला सीईसी नाही, मान्य. नेटफ्लिक्स धूसर दिसतं, तेही मान्य. मी बघतच नाही. मालवेअरचं मात्र मानणार नाही.

कडीकोयंडा:
नका मानू. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये खाली 'प्ले प्रोटेक्ट सर्टिफिकेशन' असतं, तिथे काय लिहिलंय ते इथे टाका. आणि बॉक्स निदान राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर हलवा, घरातल्या फोन-लॅपटॉपपासून वेगळा.

जुनाजाणता:
सर्टिफाइड नाही असं आलंय. तरी स्टिक घेणार नाही. गेस्ट नेटवर्क राउटरमध्ये कुठे असतं ते सांगा.