मदत हवी आहे: गच्चीवरच्या भाजीचा कार्बन इतका जास्त कसा येतोय?

गच्चीवाला_पुणे: सोसायटीच्या गच्चीवर भाजी लावतो. रविवारी सभा आहे, किलोमागे किती कार्बन पडतो ते सांगायचंय. माझ्या एक्सेलमध्ये किलोला 3.3 किलो कार्बन डायऑक्साइड येतोय. दहा वेळा तपासलं, बेरीज बरोबर आहे. मग चुकतंय कुठे? लवकर सांगा.

शेवगा: बेरीज राहू द्या, आत काय धरलंय ते टाका. वाफे कशाचे? पाणी कुठलं? वर्षाला भाजी किती?

तण_उपट: टोमॅटोवर पांढरी माशी असेल तर पिवळे चिकट सापळे शेंड्याच्या उंचीला लावा. लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि साबणाचे दोन थेंब घालून संध्याकाळी फवारा.

गच्चीवाला_पुणे: माशीचं विचारलंच नाहीये. लोखंडी स्टँड 180 किलो, पाणी टाकीचं, पंपाचं बिल वर्षाला 900 युनिट. भाजी 300 किलो.

शेवगा: 900 युनिट अख्ख्या इमारतीच्या पंपाचे ना? बागेला रोज किती लिटर लागतं, गच्ची किती उंचावर?

गच्चीवाला_पुणे: हो, अख्ख्या इमारतीचे. बागेला 200 लिटर, पावसाळ्यात कमी. उंची 18 मीटर.

शेवगा: हजार लिटर 18 मीटर चढवायला, पंपाची कार्यक्षमता 40 टक्के धरून, 0.12 युनिट लागतात. वर्षाचे 66 हजार लिटर धरा, म्हणजे 8 युनिट. युनिटला 0.7 किलो कार्बन धरला तर भाजीच्या किलोमागे जेमतेम 19 ग्रॅम. तुम्ही अख्खे 900 युनिट धरून 2.1 किलो लावलेत.
दुसरी चूक स्टँडची. 180 किलो लोखंडाचे साधारण 360 किलो कार्बन तुम्ही एकाच वर्षावर टाकलेत. 15 वर्षं टिकले तर किलोमागे 80 ग्रॅम, 5 वर्षांत गंजले तर 240. गंज रोखणारा रेड ऑक्साइड रंग मारलाय का? सगळा हिशेब त्यावर आहे.

टँकरमुक्त: उन्हाळ्यात टँकर येतो का? 10 हजार लिटरच्या खेपेला जाऊन-येऊन 3 लिटर डिझेल धरा. डिझेलच्या लिटरला 2.68 किलो कार्बन, म्हणजे हजार लिटर पाण्यामागे 0.8 किलो. पंपाच्या नऊपट. ते महिने वेगळे लिहा.

हायड्रो_हाच_उपाय: माती सोडा, हायड्रोपोनिक्स करा, म्हणजे खत मिसळलेल्या पाण्यावर भाजी. पाणी खूप वाचतं.

शेवगा: पाणी वाचतं, पण घरात दिव्यांखाली केलं तर वीज मोजा. 40 वॅटचे चार दिवे 14 तास म्हणजे महिन्याला 67 युनिट, 47 किलो कार्बन. त्यात 15 किलो लेट्यूस निघालं तरी किलोला 3 किलो पडतो.

हायड्रो_हाच_उपाय: गच्चीवर दिवे कोण लावतं? ऊन आहेच की. फक्त छोटा पंप लागतो.

शेवगा: तो पंपही दिवसभर चालतो, त्याचे युनिट मांडा.

कंपोस्टप्रेमी: ओला कचरा जिरतो तो वजा करा, आकडा शून्याखाली जाईल! शिवाय पुण्यात गांडूळ खतासाठी मिळकतकरात 5 टक्के सूट आहे.

टँकरमुक्त: करसवलतीचा इथे काय संबंध? कचरा आधीपासून सोसायटीच्या खड्ड्यात जिरत असेल तर बागेला त्याचं श्रेय नाही. उलट कंपोस्टच्या पिंपाला आंबूस वास येत असेल तर आत हवा नाही, मिथेन होतोय, तोही हवा तापवणारा वायू. सुका पाला दुप्पट घाला, आठवड्याला उलथा.

गच्चीवाला_पुणे: रेड ऑक्साइड मारलाय, टँकर फक्त मे महिन्यात. आता पंप आणि स्टँड मिळून 100 ग्रॅमच्या आत आलं. वाहतूक वाचते तेही सांगू का?

शेवगा: सांगा, पण मोजून. बाजारची भाजी नारायणगावहून येते धरा: तिथून पुण्याच्या मार्केट यार्डला जाऊन-येऊन 150 किलोमीटर, दीड टनाच्या पिकअपला 12.5 लिटर डिझेल. किलोमागे 22 ग्रॅम. बाजारापेक्षा चांगलं आहे असं एवढ्यावर म्हणू नका. 2024 मध्ये ‘नेचर सिटीज’ या संशोधन पत्रिकेत आलेल्या अभ्यासात युरोप-अमेरिकेतल्या 73 शहरी बागा मोजल्या, सरासरी कार्बन नेहमीच्या शेतीच्या सहापट निघाला. मोठं कारण बांधकामाचं साहित्य.
तुमच्या ग्रो बॅगा (रोपं लावायच्या पिशव्या) आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) हिशेबात कुठे दिसत नाही. आणि 300 किलो काट्यावर मोजलेत का?

गच्चीवाला_पुणे: बॅगा 60 आहेत, राहिल्याच. वहीत जुड्या लिहिल्यात, पालकाची जुडी 250 ग्रॅम धरली.

शेवगा: मग सभेआधी दहा जुड्या मुळं-माती झटकून काट्यावर ठेवा. जुडी 150 ग्रॅमची निघाली तर पालकाचा किलोमागचा कार्बन दीडपटीहून वर जाईल.